चार मार्च

आमच्या सोसायटीत कुणाच्याही घरी ग्राइंडर सुरू झाला की तिसऱ्या मिनिटाला त्या घराची बेल वाजते. दारात चार मार्च उभे असतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पायात पुढे लोखंडी टोपी असलेले काळे बूट. स्वतः निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, बूट अजून ड्युटीवर आहेत.

खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण वापरत कुणी नाही. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. नॅशनल सेफ्टी कौन्सिल १९६६ साली ४ मार्चला स्थापन झाली, म्हणून त्या तारखेला कारखान्यांतून सुरक्षा दिन पाळतात, हात पुढे करून शपथ घेतात. बाकीच्यांकडे हा दिवस वर्षातून एकदा येतो. आमच्याकडे तो जिना चढून येतो. (लिफ्ट? लिफ्टच्या तपासणीची तारीख उलटून गेलीय, असं त्यांचं म्हणणं.)

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक पाटी टांगलेली आहे. ‘अपघाताविना दिवस’ आणि खाली खडूनं आकडा. तो एकदा ४१२ वर गेला होता. होळीला काकूंचं बोट पुरणपोळी उलटताना तव्याला टेकलं. बोट नळाखाली धरायच्या आत यांनी आकडा पुसून शून्य लिहिलं. काकू तेव्हापासून भाजलं तरी ओरडत नाहीत. पाटीवरचा आकडा सध्या चांगला वाढतोय.

गेल्या महिन्यात माझी पाळी आली. स्वयंपाकघरात ओव्हनसाठी नवा पॉइंट हवा होता, म्हणजे भिंतीत झिरी मारून पाइप दाबायचा. वायरमन म्हणून जो आला, तो विशीतला पोरगा. पायात स्लिपर, तोंडाला रुमाल, हातात चार इंची ग्राइंडर. ग्राइंडरच्या वायरीला प्लग नव्हता. दोन उघडी टोकं त्यानं सॉकेटच्या भोकांत खुपसली आणि वर आगकाडी ठोकली. मशीन एकदाच घुर्र झालं. बेल वाजली.

“गार्ड कुठाय?”

“घरी आहे, साहेब. मधे येतो.”

“मधे येण्यासाठीच बनवलाय तो! घरी कुणाला वाचवतोय?”

मग शर्टाच्या खिशातलं पेन निघालं. कागद त्यांना चालत नाही, हिशोब भिंतीवरच. चार इंची चकती, मिनिटाला ११,००० फेरे. दोन गुणाकार करून त्यांनी उत्तराला चौकट काढली. चकतीचा काठ ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत होता.

“तुझी गाडी किती पळते रे?”

“उतारावर ऐंशी.”

“आणि ही तू एका हातात धरलीयेस, वर बघत.”

पोरानं गुपचूप दुसरा हात लावला. पण धरायला बाजूची मूठच नव्हती. तीही गार्डसोबत घरी होती.

पुढचा पाऊण तास माझ्या घरात एक इंचही झिरी पडली नाही. आधी रुमाल उतरला. “सिलिका गाळतोस याच्यानं? पिठाच्या चाळणीनं धूर गाळ!” वीट, वाळू, सिमेंट कापताना जी धूळ सोफ्यावर बसते ती पुसता येते, न दिसणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि मग निघत नाही, हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्यानं माझ्या बायकोनं मुलांना थेट आजीकडे धाडलं. मग चकती. सुदैवानं हिऱ्याची होती. लाकडाची दातेरी चकती लावून आलेला एकजण त्यांनी मागे पाहिला होता. ती भिंतीत अडकली की मशीन उलटं उसळतं आणि समोर जे असेल तिकडे येतं. “समोर काय असतं?” पोरगं म्हणालं, “मी.” पहिल्यांदाच त्याला पूर्ण मार्क मिळाले.

मग प्रश्न निघाला आत आधीच असलेल्या वायरींचा. बोर्डाच्या बरोबर वर आणि बरोबर बाजूला चकती न्यायची नाही, वायरी तिथूनच जातात. आणि कापायच्या आधी मेन बंद.

“मेन बंद केला तर मशीन कशावर चालवू?”

चार मार्च गप्प झाले. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचित झालाय. पण तो टिकला नाही. दहा मिनिटांत ते स्वतःच्या घरातून एक्स्टेन्शन घेऊन आले, जिन्यातून, दोन मजले. तीन पिनांचं, आणि मागे ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर. पोराच्या वायरीला स्वतः प्लग बसवला. जिन्यात वायरीला कुणी अडखळू नये म्हणून तिच्यावर काकूंना स्टूल टाकून बसवलं.

आता झिरी कुठून? पोराला सोपा रस्ता हवा होता: एका बोर्डापासून दुसऱ्यापर्यंत सरळ आडवा. चार मार्चांनी भिंतीवर टिचकी मारली. चार इंची भिंत. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी एक षष्ठांशाच्या वर नाही. म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. पाइप २० चा. शिवाय पलीकडे शेजाऱ्यांनी गेल्या दिवाळीत त्यांची झिरी मारली होती. ती नेमकी कुठे, हेही यांना पाठ होतं, कारण तिथेही बेल वाजलीच होती. मधला पिलर तर सोडाच, त्याच्याकडे बघायचंही नाही. पाइप वरून फिरवून उभा खाली आणायचा ठरलं. खर्च वाढला, माझा.

माणूस बोलला ते सगळं बरोबर होतं, आणि मला हेच सहन होत नव्हतं. चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

काम संध्याकाळी संपलं. गार्ड, मूठ आणि बूट आणायला पोराला घरी जावं लागलं, त्यात दुपार गेली. त्याची दहाही बोटं शाबूत होती, पण त्याबद्दल आपण कुणाचे आभार मानत नाही.

या आठवड्यात चार मार्च मुलीकडे न्यू जर्सीला गेलेत. मी लगेच त्याच पोराला बोलावलं, बाल्कनीत आणखी एक पॉइंट काढायला. सकाळी साडेअकराला मशीन सुरू झालं आणि माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. वॉचमननं कळवलं असणार. त्याला जाताना हेडफोन देऊन गेले होते, कानांच्या रक्षणासाठी असं म्हणून.

मी कॅमेरा पोराकडे वळवला. गॉगल होता, मास्क होता, गार्ड होता.

“ठीक. आता फोन खाली घे.”

“कशाला, काका?”

“पायात काय घातलंय ते बघू दे.”

पोरगं हळूच सिमेंटच्या गोणीमागे सरकलं.