चोर सोडून ‘मोर बेटर’ला फाशी

इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी मास्तरांचं सगळ्यात आवडतं सावज म्हणजे ‘मोर बेटर’. वहीत ते दिसायचा अवकाश, लाल पेन झडप घालतं. ‘बेटर’मध्येच ‘अधिक’ आलं, वर आणखी ‘मोर’ कशाला, हा युक्तिवाद बिनतोड आहे. ‘टॉल’सारख्या आटोपशीर विशेषणाला ‘अर’ लावा, ‘ब्यूटिफुल’सारख्या लांबलचकाच्या आधी ‘मोर’ ठेवा आणि दोन्ही एकदम कुणालाही देऊ नका. नियम पाठ करावाच, कारण मार्क त्यावर आहेत. पण ‘मोर बेटर’ ऐकून आजवर कुणाचा गैरसमज झाला? वस्तू बोलणाऱ्याला जरा जास्तच पसंत पडली, एवढंच ऐकणाऱ्याला कळतं. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये अँटनी भर सभेत ब्रूटसच्या घावाला पुढून ‘मोस्ट’ आणि मागून ‘एस्ट’ असं दोन्ही लावून मोकळा होतो. जमावातला एकही रोमन त्याचं व्याकरण काढत नाही. सगळे दंगल करायला निघून जातात. पुढे 1762 साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने व्याकरण लिहून असली दुहेरी रूपं अशुद्ध ठरवली. तरी ‘लेस’ला पुन्हा ‘अर’ लावून झालेला ‘लेसर’ आजही सभ्य घरांत उजळ माथ्याने वावरतो आणि त्याचा भाऊ ‘वर्सर’ मात्र गावंढळ ठरला. आपल्याकडचं ‘श्रेष्ठ’ संस्कृतात मुळातच ‘सर्वांत वरचं’; त्यावर ‘तम’ चढवलेलं ‘श्रेष्ठतम’ शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात येतं. तिथे लाल पेन लावायची कुणाची छाती आहे?

या धरपकडीत खरा चोर निसटतो. ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई.’ स्पेलिंग ठीक, ‘मोर’ नाही, पेन पुढे सरकतं. प्रत्यक्षात या वाक्याने एका पारड्यात पुण्याची हवा आणि दुसऱ्यात अख्खी मुंबई, लोकलगाड्यांसकट, घातली आहे. ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ म्हटलं की हवेसमोर हवा येते. (पुणेकरांना मुळात आशयच इतका पटलेला असतो की रचनेकडे त्यांचं लक्ष जात नाही.) ही खोड आपण घरून नेतो. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ हे मराठीत बिनदिक्कत खपतं, कारण ‘पेक्षा’ मोठं मनमिळाऊ, कशालाही चिकटतं. तसंच ‘मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’. मुंबईही महाराष्ट्रातच असल्यामुळे ती इथे स्वतःहूनही मोठी ठरते. ‘एनी’नंतर एक ‘अदर’ घातला असता, तर हा चमत्कार टळला असता.

‘अहो, पण समजतं ना?’ असं कुणी विचारेल. हवेचं समजतं, मान्य. पण ‘ही लाइक्स टी मोर दॅन हिज वाइफ’ याचं काय? बायकोला चहा कमी आवडतो, की याला बायको? शेवटी ‘डज’ एवढं जोडलं तर संसार वाचतो. आणि हा घोळ फक्त इंग्रजीचा नाही. ‘त्याला बायकोपेक्षा चहा जास्त आवडतो’ या मराठी वाक्यावरही घरात तितकंच भांडण होऊ शकतं. दुहेरी ‘मोर’ने फार तर हसं होतं, इथे अर्थच बदलतो. म्हणून मार्क कापायचेच तर इथे कापावेत.

तीच गत यादीची. लग्नाच्या जाहिरातीत ‘बॉय इज टॉल, फेअर, वर्किंग इन आयटी अँड ओन फ्लॅट इन ठाणे’ असं छापतात. एका ‘इज’वर सगळ्यांना बसवल्यामुळे उंच, गोरा, नोकरदार मुलगा शेवटी स्वतःच ठाण्यातला फ्लॅट होतो. यावर कुणी म्हणेल, वधूपित्याला कळल्याशी कारण. त्याला कळतंच, किंबहुना त्याने फ्लॅटच वाचलेला असतो. पण हाच लेखक उद्या करारनाम्यात किंवा औषधाच्या सूचनांत अशी यादी करेल, तेव्हा कुठलं क्रियापद कुणाचं, हे वकील आणि रुग्ण आपापल्या सोयीने ठरवतील.

तुलना अर्धवट ठेवली की अर्थ सोयीने लावता येतो, हे मर्म धंदेवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. साबणाच्या जाहिरातीत कपडे ‘अधिक पांढरे’ निघतात. कशापेक्षा? शेजारणीच्या कपड्यांपेक्षा, मागच्या धुण्यापेक्षा, की कोळशापेक्षा, ते सांगतच नाहीत. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य अर्धवट आहे, आणि ग्राहक आयोगात जाऊन भांडायचं म्हटलं तर ते खोटं पाडायला जागाच नाही.