गुळगुळीत हाताचे नाना

नानांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत असतो. उजव्यावर मात्र रान माजलेलं. जुने वस्तरे जमवून त्यांना धार लावणारा माणूस ओळखायची हीच खूण. प्रत्येक पातं हातावरच्या केसांवर तपासायचं आणि वस्तरा उजव्या हातात, म्हणजे बळी डाव्याचा. एवढ्यानेही यांचं भागत नाही. एक सुटा केस चिमटीत लटकता धरून पात्याला नुसता टेकवायचा. तो आपसूक तुटला तरच धार पास. नानांना टक्कल असल्यामुळे हे केस सुनेच्या कंगव्यातून येतात. ती हल्ली कंगवा कपाटात कुलूपबंद ठेवते.

नाना बँकेतून निवृत्त झाले आणि बुधवार-रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात रुजू झाले. गंजके पाने, नळाच्या तोट्या, बंद घड्याळं यांच्या ढिगात वस्तरा दिसला तरी ते त्याच्याकडे बघत नाहीत. आधी शेजारच्या कुलपाचा भाव विचारतात, मग जाता जाता, "आणि हे भंगार कितीला?" कर्जाचे अर्ज फेटाळतानाचा आवाज इथे कामी येतो. घरी किंमत सांगताना मात्र ते स्वतःच उदार होऊन आणखी पन्नास टक्के सूट देतात.

मग भिंग निघतं. पात्याच्या बुडाशी ठोकलेला शिक्का वाचायचा. शेफील्ड निघालं तर एक चहा, सोलिंगेन निघालं तर दोन. गावाच्या पुढे 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' लिहिलंय का, हेही बघायचं. अमेरिकेने 1890च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ते नसेल तर वस्तरा बहुधा त्याआधीचा. यातला 'बहुधा' माझा. नाना तो शब्द वापरत नाहीत.

आणि 'सिल्व्हर स्टील' अशी अक्षरं दिसली की पाहुण्याने चप्पल शोधायला लागावं, कारण आता मायकेल फॅरेडे येणार. हो, विजेवालाच. लंडनचा चाकू-कात्र्यांचा कारागीर जेम्स स्टोडार्ट याला जोडीला घेऊन त्याने 1820च्या सुमारास हिंदुस्थानी वूट्झ पोलादाचं गुपित उकलायचा खटाटोप केला. पोलादात पाचशेवा भाग चांदी घालून पाहिली. गुपित काही उकललं नाही, पण शेफील्डच्या कारखानदारांना पात्यावर छापायला एक झोकदार नाव मिळालं. "म्हणजे मूळ पोलाद आपलंच!" असं म्हणून नाना मांडीवर थाप मारतात. वूट्झ दक्षिण भारतातून जायचं, तेवढ्यापुरतं खरं आहे.

काम करताना मात्र हा माणूस बघावा. बडबड बंद. ओल्या दगडावर पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून एक हलका हात. मग पाठीवरच कूस बदलून परतीचा. कोन धरायची कटकट नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरलेला असतो. चामड्याच्या पट्ट्यावर हेच उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. चुकून धार पुढे गेली की पट्टा कापला गेलाच. दोन्ही अंगांनी पोखरून घासलेलं पातळ पातं पट्ट्यावर बारीक गातं, आणि नाना डोळे मिटून मान डोलावतात.

गंमत अशी की नानांच्या आजोबांच्या काळी हजामत झाली की आंघोळीशिवाय घरात कशाला शिवायची सोय नव्हती. वस्तरा न्हाव्याच्या धोकटीत आला तसा जायचा. नातवाने तोच वस्तरा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडलाय, आणि देवांना स्वयंपाकघरातला कोपरा दिलाय.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला नानांनी एकदा ही सगळी इस्टेट दाखवली. त्याने एक वस्तरा उघडला, अंगठ्याच्या पेरावर आडवा फिरवला, मिटला. "धार झकास आलीय, काका. पण आमच्या वडिलांचा खांदा हेच पाजवून पाजवून गेला. अर्धं ब्लेड आलं आणि सुटलो. तुम्ही पेन्शन खाऊन यात कशाला पडता?" नाना हसले. ते स्वतः दाढी प्लॅस्टिकच्या दोन पात्यांच्या रेझरने करतात. जुन्या पोलादाला पाणी लागलेलं त्यांना सोसत नाही.

तुमच्या माळ्यावर असा एखादा वस्तरा सापडला तर पॉलिश पेपर घेऊन त्याच्यावर तुटून पडू नका. गंजाआधी शिक्का जातो. तेलाचं बोट फिरवा, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. नानांना कळवायचं असेल तर जरूर कळवा, फक्त त्या दुपारी दुसरं काही काम ठेवू नका.