पदस्पर्श की मुखदर्शन?

फिनिक्स, ॲरिझोना

ती. वंदनाताईंस,


आई-बाबा खुशाल आहेत. आईंनी तुम्हांला फोनवर "कॅन्यन बघितलं, फार मोठं आहे" एवढंच सांगितलं म्हणे. उरलेलं मी कळवते.

ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा गड. आपल्याकडे आधी चढ असतो. दम लागला की माणूस तिथूनच मागे फिरतो आणि उतार गप्पांत निघून जातो. इथे गाडी उभी राहते तीच दोन हजार मीटर उंचीवर आणि कोलोरॅडो नदी तिथून जवळजवळ दीड किलोमीटर खाली. आधी हसतखेळत उतरायचं आणि चढ पुढ्यात येतो तो पाय थकल्यावर. म्हणून एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा हट्ट धरू नका, अशा पाट्या लावल्यात. पाटीवरच्या चित्रात उन्हानं गळपटलेला गडी आहे ना, तो म्हातारा नाही, चांगला धडधाकट तरुण आहे. तुमचे बंधुराज उन्हाळाभर जिममध्ये घाम गाळून आलेले. ते म्हणाले, "हे पर्यटकांसाठी असतं."

बाबांनी मात्र प्रत्येक पाटी चष्मा पुसून वाचली, मुख्याध्यापकाची सवय. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं कुठेसं लिहिलं होतं. त्यांनी लगेच घड्याळ बघून हिशेब मांडला. ब्राइट एंजल वाटेवर दीड मैलावर एक निवारा आहे, साधारण साडेतीनशे मीटर खाली. तिथे भडंग खाल्लं आणि म्हणाले, "झाला आपला अजिंक्यतारा. फिरा मागे." येताना खेचरांचा तांडा आला. 1887 पासून ही खेचरं पाहुण्यांना दरीत नेतायत. आम्ही कडेला उभे राहिलो. एका खेचरावर तिशीतला एक दणकट माणूस डोळे गच्च मिटून बसला होता. बहात्तर वर्षांच्या बाबांनी खालून त्याला धीर दिला, तोही मराठीत!

बंधुराज तीन मैलांपर्यंत जाऊन आले. वर पोचले तेव्हा बाबांचं आइस्क्रीम खाऊन झालं होतं. बंधुराजांच्या मनगटावरच्या घड्याळानं त्यांचं अभिनंदन केलं. आम्ही केलं नाही. दरी कशी होती विचारलं, तर हृदयाचे ठोके सांगितले.

आता आई. गुडघे तुम्हांला ठाऊकच आहेत. कड्याच्या काठाने बराचसा सपाट, फरसबंद रस्ता आहे आणि फुकट बसही फिरते. पण आपण कुणावर भार होतोय असं त्यांना वाटू नये, म्हणून मी काहीबाही समजूत काढू लागले. तर मलाच म्हणाल्या, "अगं, पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. मुखदर्शन घेणाऱ्याला विठोबा कमी पावतो का?" समोरच्या सुळक्यांना ब्रह्मा, विष्णू अशी नावं आहेत. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं इथे देवळांची नावं द्यायचा पायंडा पाडला. हे कळल्यावर आईंनी बाकावरूनच हात जोडले. नंतर काठावरच्या 'ट्रेल ऑफ टाइम'वर थोडं चालल्यासुद्धा. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दहा-बारा पावलं टाकून टेकल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं चालल्यावर गुडघे धरणारच."

बाबा आणि बंधुराज अजून वाद घालतायत, की खरं कॅन्यन कुणी पाहिलं. माझं मत कुणी विचारलेलं नाही. पण संध्याकाळी खडकांचे रंग कसे पालटत गेले ते नीट सांगता आलं एकट्या आईंना.

पुढच्या खेपेची जागा आईंनी मुक्रर केली आहे: यलोस्टोन. तिथे 'ओल्ड फेथफुल' नावाचं गरम पाण्याचं कारंजं साधारण दीड तासानं उसळतं आणि भोवती बाकं मांडलेली आहेत. "आपण बसून राहायचं, ते आपणहून वर येतं," असं त्या तुमच्या भावाला ऐकवत असतात. त्यांचा गुडघ्याचा पट्टा साताऱ्यातच राहिलाय, तेवढा येणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. भडंगही संपलंय.

तुमची,
वहिनी