लॅबचे मामा

पुण्यातल्या जुन्या कॉलेजात जीवशास्त्राची लॅब शोधायची तर पाटी बघू नये, वास घ्यावा. फॉर्मॅलिन, स्पिरिट, जुनं सागवान आणि नुकताच चिरलेला कांदा असा एकत्रित वास जिथून येतो ते दार ढकलावं. आत सिंकच्या शेजारी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून जे गृहस्थ उभे असतात आणि नाव-गाव न विचारता "बॅगा बाहेर" एवढंच म्हणतात, ते मामा. सेवापुस्तकात त्यांचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर' असा असतो. फर्ग्युसन असो, एस. पी. असो की गरवारे, त्या हुद्द्यानं त्यांना कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. विभागप्रमुखही 'मामा'च म्हणतात, आणि रजा मंजूर करताना मामांना विचारून करतात. आपली नव्हे, स्वतःची.

वर्गात पेशी फार सोपी असते. रॉबर्ट हूकनं 1665 साली बुचाच्या कापात कप्पे पाहिले, श्लायडेन आणि श्वान यांनी 1838-39 मध्ये सांगितलं की सगळे सजीव पेशींचेच, मग विरचॉव म्हणाला की पेशी पेशीपासूनच होते. झालं. फळ्यावर एक लांबट गोल काढला, मध्ये केंद्रक, आजूबाजूला शेंगदाण्याएवढ्या तंतुकणिका, की दोन लेक्चरांत पेशी संपते. खरी पंचाईत दुपारी बारा ते तीनच्या बॅचला होते. पोरं कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवतात, डोळा लावतात आणि त्यांना दिसतात स्वतःच्या पापण्या.

पापण्यांच्या पुढची पायरी म्हणजे बुडबुडा. एफवायच्या जर्नलांत पहिल्या पानावर पेन्सिलीनं काळजीपूर्वक काढलेला, जाड काळ्या कडेचा, तंतोतंत गोल आणि आत काहीच नसलेला जो आकार असतो आणि ज्याच्या खाली 'प्लँट सेल' असं लिहिलेलं असतं, ती कव्हरस्लिपखाली अडकलेली हवा असते. वर्षानुवर्षं, बॅचमागून बॅच, पुण्याची हुशार मुलं हवेची चित्रं काढत आली आहेत. काहीजण तर त्यात केंद्रकही दाखवतात, कारण पुस्तकात आहे. मॅडम दुसऱ्या टेबलावर असतात. मामा मागून येतात, डोळा न लावता नुसतं वहीकडे बघून म्हणतात, "बाळा, हा बुडबुडा आहे. पेशीला कोपरे असतात. कव्हरस्लिप तिरकी धर, सुईनं हळू सोड." मग आरसा खिडकीकडे वळवतात, नळी वर-खाली करतात आणि बाजूला होतात. पोरगी बघते आणि "आई गं!" म्हणते. विटांच्या भिंतीसारख्या ओळीनं बसलेल्या पेशी, प्रत्येकीत आयोडिननं पिवळसर झालेला एकेक ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक हे सांगायला मग मॅडम येतात.

मामांचा एकच नियम आहे: आधी दहाची लेन्स, मग पंचेचाळीसची. घाई करून कोणी थेट पंचेचाळीस लावली आणि काचेचा 'कट्' असा आवाज झाला, तर तो आवाज मामांना स्टोअररूममध्ये, नळ चालू असतानाही ऐकू येतो. "कव्हरस्लिप तुझ्या डिपॉझिटमधली," ते आतूनच ओरडतात, "पण लेन्स माझ्या जिवाची!" ब्रेकेजचं रजिस्टर ते स्वतः लिहितात. त्यातले आकडे खोडलेले मी कधी पाहिले नाहीत.

लेव्हेनहूकबद्दल वर्गात मोठ्या कौतुकानं सांगतात. डेल्फ्टचा कापडवाला, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, लॅटिन येत नाही. पण भिंगं घासली, स्वतःच्या दातांवरचा मळ खरवडला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. रॉयल सोसायटीनं 1680 साली त्याला फेलो करून घेतलं. मामांनाही लॅटिन येत नाही, पण 'अलियम सेपा'ची बरणी अंधारात हाताला लागते. त्यांना अजून कुणी फेलो केलेलं नाही. आश्वासित प्रगती योजनेची फाइल कुठल्या तरी टेबलावर आहे, एवढं कळतं.

मामांचं खरं वैभव बघायचं तर प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी मंडईत बघावं. कांदा ते भाजीसाठी घेतच नाहीत, त्यामुळे भाजीवाल्याशी त्यांचं कधी जमत नाही. त्यांना जाड पाकळीचा कांदा हवा, म्हणजे आतला पापुद्रा एका झटक्यात निघतो. मुळांसाठी वेगळा कांदा, बुडाशी खराब न झालेला. तो बाटलीच्या तोंडावर तीन-चार दिवस आधी बसवायचा, बूड जेमतेम पाण्याला टेकलेलं. मुळं फुटली की सकाळच्या वेळी टोकं कापून तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक ॲसिडमध्ये टाकायची. त्या टोकात पेशी विभागत असतात, पण बहुतेक नुसत्याच बसलेल्या असतात. विभाजनाच्या ऐन मध्यावरची पेशी सापडायला पोरांना अख्खं प्रॅक्टिकल लागतं आणि मामांना चहा गार व्हायच्या आत सापडते. कांद्याची गुणसूत्रं सोळा, हे ते स्वतःच्या फोन नंबरपेक्षा लवकर सांगतात.

एकदा मॅडमनी त्यांना कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, मामा, तुम्ही आणता तो बटाटा साधा नाही. आपल्या कमलाबाई केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करता करता त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं, पेशीच्या श्वसनात लागतं ते, आणि 1939 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बटाटा कुठला होता? तळेगाव का इंदूर?" मॅडमकडे उत्तर नव्हतं. मामांच्या मते संशोधन तिथेच अर्धवट राहिलं.

जीवरसायनाच्या प्रॅक्टिकलला ए, बी, सी अशा चिठ्ठ्या लावलेली अज्ञात द्रावणं मामाच बनवतात. म्हणून त्या दिवशी सगळी बॅच त्यांच्या पिशवीवर डोळा ठेवून असते. पिशवीत अंडं दिसलं, की कुठल्या तरी परीक्षानळीत जांभळा रंग येणार आणि प्रथिन लिहायचं, हे जिन्यातच ठरतं. मामा हे ओळखून असल्यामुळे अंडं रुमालात गुंडाळून आणतात आणि वर शेपू ठेवतात. एका नव्या सरांनी शर्करेची परीक्षा म्हणून कँटीनची साखर विरघळवून ठेवली होती. बेनेडिक्टचं निळं द्रावण उकळून उकळून दमलं, पण निळंच राहिलं, कारण साधी साखर बेनेडिक्टला दाद देत नाही. त्याला ग्लुकोज लागतं. पोरांच्या बॅचपूर्वी मामांनी काही न बोलता बाटली बदलली. त्या दिवशी सगळ्यांचा विटकरी रंग सुरेख आला आणि सरांनी मुलांना शाबासकी दिली.

लाळेच्या प्रयोगाला तर मामा न्यायाधीशच. लाळेतल्या विकरानं स्टार्च पचतो आणि आयोडिनचा निळा रंग नाहीसा होतो, हे लिहायला ठीक आहे. पण परीक्षानळीत थुंकणार कोण? सदाशिव पेठेतली मुलं जमिनीकडे बघतात. मामा एकेकाच्या तोंडाकडे पाहून निवड करतात. "तू चूळ भरून ये. तू भर. तू नको, तुझ्या तोंडात मावा आहे. तुझ्या लाळेनं कॉलेजची इमारत पचेल."

कपाटांवरच्या पाट्या अर्थातच त्यांच्या हातच्या. 'कांदा प्रॅक्टिकलचा आहे, भज्यांचा नाही.' 'डिस्टिल्ड वॉटर पिऊ नये. चव नसते.' फ्रीजवर: 'डबा ठेवल्यास कल्चर समजून टाकून दिला जाईल.' ही शेवटची नुसती धमकी नव्हे. एका प्राध्यापकांची इडली तशी गेलेली आहे.

पूर्वी त्यांच्याकडे झुरळं आणि बेडूक आणायचंही खातं होतं. 2011 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन हळूहळू बंद करायला सांगितलं, तसं ते खातं मिटलं. मामांना त्याचं दुःख नाही. झुरळं मात्र अजून येतात, आता स्वतःहून.

परीक्षेला मामा वेगळेच असतात. इस्त्रीचा शर्ट, एका हातात घंटा, चेहऱ्यावर काही नाही. स्पॉटिंगच्या टेबलांवरून मुलं सरकतात, घंटा वाजते, पुढचा स्पॉट. एखादी पोरगी भेदरून त्यांच्याकडे बघते. मामा छताकडे बघतात. पण स्लाइड नीट फोकस झाली नसेल, तर घंटेच्या आधी ते तिथून सहज जाऊन येतात आणि पोरीला एकदम स्पष्ट दिसायला लागतं. बाहेरून आलेले परीक्षक याला कॉपी म्हणू शकत नाहीत, कारण चहा मामाच आणणार असतात.

गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर आहे. तिथली यंत्रं पेशीतलं एकेक प्रथिन रंगवून पडद्यावर दाखवतात. मामांच्या हाताखालून गेलेली कोणी तिथून पीएचडी करत भेटायला येते, फोनवर पेशींचे हिरवे-लाल फोटो दाखवते. मामा चष्मा वर करून बघतात, छान आहे म्हणतात आणि हमखास विचारतात, "तिथे पापुद्रा कोण काढतं?" मीच काढते, असं ती म्हणाली तर तिच्यासाठी कपात बिस्किट बुडवायला परवानगी असते, लॅबमध्येसुद्धा.

तेव्हा या वर्षी तुमच्या घरातलं कोणी एफवायला जात असेल, तर एवढं सांगून ठेवा: पुस्तक कोणतं घ्यायचं ते मॅडम सांगतील, पण पहिल्या प्रॅक्टिकलला मामांच्या खिडकीजवळचं टेबल धरावं. आणि कव्हरस्लिप फुटलीच तर लपवू नये, कारण ती रजिस्टरात आधीच चढलेली असते.