इतर हक्कात मामी

साताऱ्याकडच्या आमच्या मामांनी दिवाळीत फोन घेतला. 9,400 रुपये, वर काच आणि कव्हर फुकट. 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि वापरायला माणसं पाच. पंधरा दिवसांत मामीच्या भजनी मंडळाचे फोटो मामांच्या ऊस उत्पादकांच्या ग्रुपवर गेले आणि बारक्याच्या गेममधून कुणीतरी मामांनाच आईवरून शिवी घातली. मग मला बोलावणं आलं. पुण्यात राहणाऱ्याला फोनमधलं सगळं कळतं, असा गावाकडे एक गोड गैरसमज आहे. मी तो पंचवीस वर्षं जपलाय.

म्हटलं, मामा, प्रत्येकाचं वेगळं खातं काढू. फोन एकच, पण ज्याचं त्याचं घर वेगळं. ही सोय अँड्रॉइडमध्ये जुनीच आहे. 2012 मध्ये टॅबलेटवर आली, 2014 मध्ये फोनवर. तरी बऱ्याच कंपन्या फोन विकताना ती काढून टाकतात. एका फोनात चौघांची सोय झाली तर उरलेले तीन फोन कुणाला विकायचे? आयफोनवर तर हा प्रकारच नाही. माणशी एक फोन असणारच, हे तिथे गृहीत आहे. मामांच्या फोनात मात्र, सेटिंगच्या तळाशी, माळ्यावरच्या ट्रंकेसारखी ती सोय सापडली.

पहिल्या खात्यापुढे लिहून आलं, ‘मालक’. मामा खूश. एवढं स्पष्ट तर तलाठीसुद्धा लिहीत नाही.

दुसरं खातं मामीचं, तिसरं कॉलेजात जाणाऱ्या ताईचं, चौथं बारक्याचं. आणि फोन म्हणाला, बास. या फोनात मालक धरून चारच. राहिली आजी. तिच्यासाठी उरलं ‘पाहुणा’ खातं. या खात्यातून बाहेर पडताना आतलं सगळं पुसून जातं, पुढच्या वेळी पुन्हा कोरी पाटी. जिच्या सासऱ्यांनी घर बांधलं, ती आता रोज नव्याने पाहुणी. तिला सांगितलं तर म्हणाली, “ह्यात नवं काय?”

आता या खात्यांचे कायदे ऐका. मामांना मामीच्या खात्यात डोकावता येत नाही. तिचे फोटो, तिचे निरोप, सगळं तिच्या कुलपात. पण मामांना ते खातं उडवता येतं. एक बटण, एकदा ‘नक्की का?’, की झालं. आत बघता येणार नाही, पण घर पाडता येईल. शिवाय नव्या खात्यातून कॉल आणि मेसेज बंदच असतात. मालकाने आपल्या खात्यातून परवानगी दिली तर सुरू होतात आणि मग कुणाला किती वेळ फोन केला, ती यादी सामाईक होते.

हे सगळं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, सातबारा! वर भोगवटादार म्हणून एक नाव आणि बाजूला ‘इतर हक्क’. तिथे सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा. मामी गेली तिथेच. मामा तरुणपणी शेतकरी संघटनेत होते. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोचं नाव जमिनीवर लावा म्हणून गावोगाव सांगितलं, तेव्हा आमचे मामा सभेत पुढे बसून टाळ्या वाजवत होते. लाल बिल्ला अजून कपाटात आहे. सातबाऱ्यावर नाव एकट्याचंच आहे.

खाती निघाली, पण खरी अडचण कुलपाची. मी ताईला म्हटलं, पॅटर्न ठेव. मामांनी मान वर केली. “कुलूप कशाला? लपवायचंय काय?” आपल्याकडे कुलूप परक्यासाठी असतं, घरातल्याने घरात लावलं की तो आरोप होतो. मामांच्या खात्याला मात्र पॅटर्न होता. तो का, असं विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तर ‘बँकेचं असतंय त्यात’ हे उत्तर तयार होतंच.

मग रोजचा संसार सुरू झाला. मामीने पहाटे साडेचारचा गजर लावला. रात्री फोन अडकला म्हणून मामांनी बंद करून चालू केला. असा चालू केला की मालकाचं खातं जागं होतं, बाकीची कुणी येऊन उघडेपर्यंत झोपून राहतात. गजर मामीच्या खात्यात, मामी गोधडीत, म्हैस दाव्याला. दूध डेअरीला उशिरा पोचलं. मामीने आपल्या खात्यात व्हॉट्सॲप घातलं तर मामांचं बंद पडलं, कारण घरात नंबर एकच आणि एका नंबरावर दोन संसार ते चालू देत नाही. दोन दिवस मामा उसाच्या ग्रुपबाहेर. एवढा अबोला मी त्या घरात आधी पाहिला नव्हता.

कळस झाला तो लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला. महिन्याला 1,500 रुपये मामीचे, आधार मामीचं, पण आधारला जोडलेला नंबर सगळ्या घराचा एकच, तो मामांचा. मामी आपल्या खात्यात माहिती भरून बसली. ओटीपी आला, तो मालकाकडे. मालक मळ्यात. मालकाच्या खात्याला पॅटर्न. बारक्याला सायकलवर पिटाळलं. पोराला पॅटर्न सांगायचा नाही म्हणून मामा पाण्याची पाळी सोडून स्वतः आले. तोवर ओटीपी शिळा. पुन्हा मागवला. ते होतंय तोवर कळलं की नवऱ्याच्याही आधारचा ओटीपी लागतो. बहीण लाडकी, पण भाऊ दाजींना विचारल्याशिवाय ओवाळणी घालत नाही.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? ‘हो’ म्हणाल्या 54 टक्के. त्या पाहणीवाल्या बाई दिवाळीनंतर आमच्या मामीकडे आल्या असत्या, तर तिला कुठे मोजलं असतं? फोन आहे, खातं आहे, भिंतीवर विठोबाचा फोटोही तिनेच लावलाय. पण फोन वाजला तर उचलता येत नाही.

शेवटी एवढ्या संसारांनी फोन दमला. एकाच गुलाबाचा सुप्रभात फोटो तीन खात्यांत तीनदा उतरला होता. जागा संपली, मामांचा पारा चढला. ते बारक्याचं खातं उडवायला निघाले होते, पण त्यात आठवीच्या प्रोजेक्टचे फोटो होते म्हणून आजीने अडवलं. (पाहुण्याचंही कधीकधी ऐकतात.) मग मामांनी फर्मान काढलं, सगळं पुसून पहिल्यासारखं करून आणा. स्वतःला कारखान्यावर जायचं होतं. तालुक्याच्या बाजाराला निघालेल्या मामीच्या हातात फोन दिला आणि पहिल्यांदाच पॅटर्नही सांगितला.

दुकानातल्या पोराने फोन कोरा केला, चालू केला आणि विचारलं, “नाव कुणाचं टाकू?” समोर मामीच उभी होती.

परवा मामांचा फोन आला, शेजारच्यांच्या नंबरवरून. त्यांच्या खात्यातून कॉल लागत नाही म्हणे, पुण्याहून काही करता येईल का? म्हटलं, इथून नाही जमणार. मालकाला सांगा, परवानगी द्यायला.

“दोन दिवस झालं सांगतोय,” मामा म्हणाले. “बघू म्हणतीय.”