वाघाचा भोपळा

दसरा सरला की सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या गोठ्यांच्या पत्र्यावर लाल भोपळे चढून बसलेले असतात. वेल उकिरड्यावर आपोआप उगवतो, कुणी विचारत नाही, आणि फळं मात्र घागरीएवढी धरतो. पहिल्याचे घारगे होतात, दुसऱ्याची भाजी, तिसरा शेजारी जातो. चौथा घेऊन निघालं की "न्या की वो ताई" म्हणेपर्यंत शेजारणीनं दार लोटलेलं असतं. मग उरते म्हैस. अख्खा भोपळा पुढ्यात टाकला तर ती नाकानं ढकलते, तो घरंगळतो, आणि ती मालकाकडं बघत उभी राहते. फोडी त्यानंच करायच्या, त्याही बारीक. नाहीतर घशात अडकतात.

अमेरिकेत हॅलोवीनचे उरलेले भोपळे प्राणिसंग्रहालयांत जातात. पोर्टलंडच्या ऑरेगन प्राणिसंग्रहालयात तर १९९९ पासून हत्तींपुढं अगडबंब भोपळे मांडायची प्रथाच पडलीय. हत्ती आधी पाय नुसता टेकवतो, मग भार देतो. कडाड्‌ आवाज झाला की सोंडेनं फोडी वेचतो. यामागं शास्त्र आहे. रानात हत्तीचा निम्म्याहून जास्त दिवस चरण्यात जातो. बंदिवासात जेवण आयतं आणि वेळेवर, मग बाकीच्या वेळात येरझारा. म्हणून खाणं लपवायचं, गोठवायचं, फोडायला लावायचं. आपल्या राणीबागेतही उन्हाळ्यात अस्वलाला फळं घालून गोठवलेला बर्फ देतात; चाटता चाटता दुपार निघते. (घरात नुकतंच कुणी निवृत्त झालं असेल तर सोलायला डाळिंबं द्यावीत. सोलापूर जिल्ह्यात तोटा नाही.)

प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला भोपळ्याच्या गराचं काय? त्याच्यासाठी आत मांस दडवतात. आपल्या गोष्टीतली म्हातारी लेकीकडं तूपरोटी खाऊन भोपळ्यात बसून निघाली आणि वाघ बघतच राहिला. इतक्या पिढ्यांनी बिचाऱ्याच्या भोपळ्यातून काहीतरी निघालं.

जेऊरच्या शेळ्यांची करमणूक मात्र कुणाला करावी लागत नाही. खंडेनवमीला ट्रॅक्टर-टेम्पोपुढं फुटलेले कोहळे सकाळी त्याच निस्तरतात. शेळी कुंकवाची फोड ओठानं बाजूला सारते, पांढरा गर संपवते, आणि मग कुंकवाचीही खाते. कारखाने सुरू झाले की तिचा मोर्चा उसाच्या ट्रॉलीकडं वळतो. खाली वाढ्यांचा ढीग पडलेला असतो. ही मागच्या दोन पायांवर उभी राहून वरचंच टिपरू ओढत बसते.