नोएडाच्या नीलगायीस अनावृत पत्र

श्रीमती नीलगाय,
मुक्काम यमुनेचा खादर, नोएडा यांस,



पत्रास कारण की, मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात आपण नोएडातल्या जीआयपी मॉलसमोरच्या मोकळ्या रस्त्यावरून निवांत चालत गेलात, कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो देशभर फिरला आणि आपल्याला न विचारता आपली एका मानाच्या पदावर नेमणूक झाली. टाळेबंदीच्या काळ्या ढगाला रुपेरी किनार आहे, असे तेव्हा घराघरांतून सांगितले जात होते. त्या किनारीच्या आपण प्रतिनिधी ठरलात. शिष्टमंडळात आपल्यासोबत दिल्लीचे निळे आकाश होते, यमुनेचे जरा बऱ्या रंगाचे पाणी होते, जालंधरच्या गच्च्यांवरून दिसू लागलेली धौलाधारची रांग होती. व्हेनिसच्या कालव्यातले डॉल्फिनही काही दिवस होते, पण ते व्हेनिसचे नव्हेतच असे निघाल्यावर त्यांचे सदस्यत्व रद्द झाले. आपण मात्र खऱ्या होतात, म्हणून हे पत्र आपल्याला. ‘निसर्ग परत येतो आहे’ असे आपल्या फोटोखाली लिहिणाऱ्यांशी वाद घालायला जावे, तर ते ‘किती नकारात्मक बोलता हो’ म्हणून उठून जातात. आपण रवंथ करत का होईना, ऐकून घ्याल.

आधी आपल्या परत येण्याचेच बघू. आपण गेला कुठे होतात? नोएडा हे शहर १९७६ सालचे. त्याआधी यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराच्या सखल पट्ट्यात, आणि भोवतालच्या शेतशिवारात आपले कळप होतेच, आणि सेक्टर पडल्यावरही उरल्यासुरल्या झुडपांत ते तग धरून राहिले. रहदारी थांबली म्हणून आपण दिसलात, एवढेच. त्या आठवड्यात खरोखर परत निघाले होते ते दुसरेच. २४ मार्चच्या रात्री आठला देशभराची टाळेबंदी जाहीर झाली आणि बाराला लागू झाली. २८ मार्चला दिल्लीच्या पूर्व टोकाला आनंद विहारच्या बसतळावर हजारो मजूर गोळा झाले. त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर कितीतरी जण उत्तर प्रदेश-बिहारच्या वाटेला पायीच लागले. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच महानगरात, आपण रस्त्यावर आलात याचे कौतुक झाले आणि ते रस्त्यावर आले याचा गुन्हा झाला. आपल्याकडे कोणी ई-पास मागितला नाही. बरेलीत पोचलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. आपल्या अंगावर फक्त कॅमेरे रोखले गेले. पुढे सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की एक कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले, आणि वाटेत किती दगावले याची माहिती ठेवलेली नाही. नोएडातल्या एका नीलगायीची नोंद मात्र लाखो मोबाइलांत सुरक्षित आहे.

आणखी एक गंमत पाहा. ती माणसे ज्या बिहारकडे निघाली होती, त्या बिहारच्या काही जिल्ह्यांत आपल्या जातीला केंद्र सरकारने २०१५च्या अखेरीस उपद्रवी प्राणी ठरवले होते, आणि २०१६त नेमबाज बोलावून आपल्या भाईबंदांना गोळ्या घातल्या गेल्या. आमच्या विदर्भात आपल्याला रोही म्हणतात. तिथे हरभऱ्याच्या शेतात रात्रभर जागल करणाऱ्या शेतकऱ्याला आपला तो व्हिडिओ दाखवून ‘निसर्ग परत येतो आहे’ म्हणून बघावे. तो जे उत्तर देईल ते छापण्याजोगे नसेल. बिहारात उपद्रवी, विदर्भात चोर आणि मॉलसमोर रुपेरी! आपण तीनही ठिकाणी चरतच होतात. फरक होता तो बघणाऱ्याच्या जागेचा: त्याचे पीक जाते आहे, की तो बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत चहा घेतो आहे. रुपेरी किनार नावाचा प्रकार ढगात नसतो, तो बाल्कनीत असतो, असे माझे म्हणणे आहे, आणि या पत्रात मला तेवढेच सिद्ध करायचे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो दयाळू मनाचा. माणसे घाबरलेली होती, आजार अनोळखी होता, बातम्या वाईट होत्या. अशा वेळी कुंडीतल्या फुलावर, २८ मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा सुरू झालेल्या ‘रामायणा’वर किंवा आपल्यासारख्या पाहुणीवर मन रमवले तर बिघडले कुठे? काहीच नाही. भेदरलेल्या माणसाला धरायला काहीतरी लागतेच, आणि टाळेबंदी हवी होती की नको, हा वाद मी इथे उकरतही नाही. बिघडते ते पुढच्या पायरीवर: स्वतःला मिळालेला दिलासा हाच जेव्हा दुसऱ्याच्या हालांचा अर्थ म्हणून सांगितला जातो तेव्हा. मे महिन्यात पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी वडिलांना सायकलवर मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला गेली. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या कन्येने या प्रवासाची वाखाणणी सहनशक्ती आणि प्रेम यांचा सुंदर पराक्रम म्हणून केली, आणि इकडे सायकलिंगच्या निवड चाचणीचे निमंत्रण निघाले. रेल्वे बंद असल्याने आणि घरमालकाच्या तगाद्याने जे करावे लागले, त्यात खेळाडूची गुणवत्ता शोधून दाखवणे हे रुपेरी किनारीचे सर्वोच्च शिखर मानायला हरकत नसावी.

आणि दिलासा हा निरागस आणि सार्वत्रिक असता, तर तो पुढच्या वर्षीही मिळायला हवा होता. १९ एप्रिल २०२१च्या रात्री दिल्लीत पुन्हा टाळेबंदी लागली. रस्ते पुन्हा रिकामे झाले, मॉल बंद झाले, खादर होता तिथेच होता. आपणही तिथेच असणार. पण तेव्हा आपली आठवण फारशी कोणी काढली नाही. ऑक्सिजनसाठी लागलेल्या रांगा आता सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आल्या होत्या, रेमडेसिव्हिरसाठी फोन फिरवणारे लोक ओळखीचे होते, स्मशानांत जागा नव्हती. पहिल्या वर्षी ज्यांनी शांततेचे गोडवे गायले, त्यांना त्याच शांततेत रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येऊ लागला. विषाणू तोच, शहर तेच, घरी बसणेही तेच. फक्त ढग या वेळी गाळणी न लावता सगळ्यांच्या डोक्यावर आला. किनार दिसेनाशी झाली ती नेमकी तेव्हा. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला सापडत नाही.

घरातल्या सुखाचा दाखला दुसऱ्या आक्षेपात दिला जातो. कुटुंबे एकत्र आली, वडिलांनी मुलांना पाहिले, नवऱ्यांनी पहिल्यांदा झाडू हातात घेतला. कामवाल्या बायकांना सोसायट्यांनी फाटकाबाहेर ठेवल्यामुळे तो घ्यावा लागला, हे सोडून देऊ. पण झाडू घेतल्याची बातमी होते, यातच सगळे आले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनपगारी काम करणारी भारतीय स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते, आणि असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. घराबाहेरचे जग बंद झाल्यावर त्या २९९ मिनिटांत माणसे, जेवणे आणि भांडी वाढली. ती कुणी उचलली याचा अंदाज करायला पाहणीची गरज नाही. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या काळात कौटुंबिक हिंसाचाराच्या २३९ तक्रारी आल्या. त्याआधीच्या तेवढ्याच दिवसांत त्या १२३ होत्या. या तक्रारी देशभरच्या आहेत, आणि फोन हातात असलेल्या, तो एकांतात वापरू शकलेल्या बायकांच्याच आहेत. आयोगाला १० एप्रिलला व्हॉट्सॲपचा क्रमांक सुरू करावा लागला, कारण नवरा घरात असताना बोलता येत नाही. कुटुंबे एकत्र आली हे खरेच आहे.

आता सर्वांत बळकट आक्षेप, आणि तो मी टाळणार नाही. हवा खरोखर सुधारली होती. दिल्लीतल्या ३४ केंद्रांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत पीएम १० आणि पीएम २.५ हे धूलिकण आधीच्या आठवड्यांच्या तुलनेत निम्म्याहून जास्त घटलेले दिसले, आणि नायट्रोजन डायऑक्साइडही सुमारे ५३ टक्के. ही बाल्कनीची कल्पना नव्हे, यंत्रांची नोंद आहे. आक्षेपक म्हणतील, की इथे तरी किनार ढगातच होती, आणि तिने आम्हाला काही शिकवले. मान्य, शिकवण्यासारखे त्यात भरपूर होते. त्या मार्चमध्ये दिल्लीत विक्रमी पाऊस झाला होता, तेव्हा सगळे श्रेय टाळेबंदीला देता येत नाही, हा एक धडा. ओझोन इतरांसारखा घटला नाही, हा दुसरा. सगळे बंद असतानाही पीएम २.५ जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेखाली टिकले नाही, म्हणजे चुली, जळणारा कचरा, वीज केंद्रे आणि बाहेरून येणारी हवा यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, हा तिसरा. आणि सर्वांत स्वच्छ धडा नायट्रोजन डायऑक्साइडचा: तो मुख्यतः इंजिनांतून येतो, इंजिने थांबली आणि तो निम्म्यावर आला. म्हणजे दिल्लीला गाड्यांऐवजी बस हव्यात. हे शोधायला महासाथ लागत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९८च्या जुलैतच दिल्लीतल्या बसची संख्या १ एप्रिल २००१पर्यंत १०,०००वर न्यायला सांगितले होते. २०२० उजाडले तरी तो आकडा गाठलेला नव्हता. मे महिन्यात शहर उघडू लागले तेव्हा बसमध्ये एका वेळी वीसच प्रवासी बसवण्याचा नियम झाला, आणि परवडणारा प्रत्येक जण स्वतःच्या मोटारीत शिरला. १४ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, हवेचा निर्देशांक ४०० ओलांडून गेला होता. फटाक्यांवर हरित लवादाची बंदी असतानाची ही गोष्ट.

मग धडा कोणता घेतला गेला? इथे, श्रीमती नीलगाय, आपल्या फोटोचा थोडा हातभार आहे. लोकांच्या मनात जे चित्र ठसले ते बसचे नव्हते, रिकाम्या रस्त्याचे होते. स्वच्छ शहर म्हणजे माणसे नसलेले शहर. १३ नोव्हेंबर २०२१ला हवा असह्य झाली, तेव्हा तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी न्यायालयात विचारले, की दोन दिवस टाळेबंदी लावता येईल का. दोन दिवसांनी दिल्ली सरकारने आपली तयारी असल्याचे, पण शेजारच्या राज्यांनीही ती लावावी असे कळवले. सुदैवाने ती लागली नाही, पण शाळा बंद झाल्या, कार्यालये घरी गेली, बांधकामे थांबली. जगातल्या कुठल्या महानगरात प्रदूषणावर पहिला उपाय म्हणून दार लावून घेणे सुचत असेल, ते दिल्लीत. आता तर ते छापील नियमांत बसले आहे. टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्याचे, ग्रॅपचे, शेवटचे टप्पे दर हिवाळ्यात लागू होतात आणि टाळेबंदीची छोटी आवृत्ती निघते: मुले पडद्यासमोर, बाबू लॅपटॉपवर, आणि बांधकामावरचा मजूर घरी. ज्याला ‘घरून काम’ नावाची सोय आहे त्याची सोय होते, ज्याचे काम विटांचे आहे त्याची रोजी जाते. विटा घरून रचता येत नाहीत.

यमुनेचे फार लिहीत नाही. कारखाने बंद होते, पाणी नेहमीपेक्षा जास्त वाहिले, आणि घराघरांचे सांडपाणी मात्र नजफगडच्या नाल्यातून येत राहिले. त्या सुधारणेचे आयुष्य तेवढेच होते. २०२१च्या छठपूजेला कालिंदी कुंजपाशी बायका फेसात उभ्या होत्या आणि तो फेस जिरवण्यासाठी सरकारी कर्मचारी पाण्यावर पाण्याचेच फवारे मारत होते.

शेवटचा आक्षेप असा, की ग्रॅपमुळे घरी बसवलेल्या मजुरांची सरकार काळजी घेते. बांधकामांवर उपकर आहे, त्यातून निर्वाहभत्ता देता येतो. बरोबर. २०२१च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेशच दिला. २०२४चा नोव्हेंबर आला, १८ तारखेला निर्देशांक ४९४वर गेला, चौथा टप्पा लागला, बांधकामे पुन्हा थांबली आणि भत्त्याचा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयात गेला. डिसेंबरात न्यायालयाने दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या मुख्य सचिवांना दूरचित्र सुनावणीस बोलावले, कारण पैसे पोचले नव्हते. दिल्लीच्या वतीने सांगण्यात आले, की सुमारे ९० हजार नोंदणीकृत कामगारांना ठरलेल्या ८,००० रुपयांपैकी २,००० दिले आहेत. बाकीच्या ६,०००साठी कामगार उपाशी राहावेत काय, असे खंडपीठाने विचारले. नोंदणी नसलेल्यांचे काय, हा प्रश्न उरलाच.

कळावे,
आपला,
घरी बसणे परवडलेला एक नागरिक